तुमची पुढची कॅनोपी किती लहान असावी?

पश्चिमवारा

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून कॅलिफोर्नियात स्कायडायव्हिंग करतो. आजवर १,९०० हून थोड्या अधिक उड्या झाल्या आहेत. गेली चार वर्षे आमच्या ड्रॉप झोनवर (उड्या मारण्याच्या तळावर) मी नवख्यांना कॅनोपी (पॅराशूटचा कापडी पंख) उडवायला, म्हणजे पॅराशूट उघडल्यापासून पाय जमिनीला टेकेपर्यंतचा भाग, शिकवायला मदत करतो. गेल्या दोन महिन्यांत तीन मराठी मित्रमैत्रिणींनी मला वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला: आता माझ्या इतक्या उड्या झाल्या, तर मी लहान आणि वेगवान कॅनोपी घेऊ का? प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि इतरांचेही अनुभव वाचायला मिळावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

या खेळात माणसे दगावतात ती पॅराशूट उघडले नाही म्हणून, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात अनेक वर्षांपासून गंभीर अपघातांतला मोठा वाटा पूर्ण उघडलेल्या, अगदी धडधाकट कॅनोपीखाली होणाऱ्या अपघातांचा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत स्कायडायव्हिंगमध्ये १० जणांचा मृत्यू झाला. १९७० च्या दशकात हा आकडा वर्षाला चाळिसाच्या आसपास असे. स्वयंचलित उपकरणे, चांगली रिझर्व्ह (राखीव) पॅराशूट आणि सुधारलेले प्रशिक्षण यांमुळे संख्या खाली आली. पण त्याच काळात कॅनोप्या लहान आणि जलद होत गेल्या आणि धोक्याची जागा आकाशातून सरकून शेवटच्या तीनशे फुटांत आली.

आता मूळ हिशेब. तुमचे कपड्यांसह वजन अधिक पूर्ण रिगचे (पाठीवरच्या पॅराशूटच्या संचाचे) वजन, हे सगळे पौंडांत मोजायचे आणि कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागायचे. येणाऱ्या आकड्याला विंग लोडिंग म्हणतात. माझेच उदाहरण घेतो. मी ७१ किलोचा, रिग १२ किलोची, मिळून ८३ किलो, म्हणजे १८३ पौंड. १७० चौरस फुटांच्या कॅनोपीवर माझे लोडिंग १.०८ येते आणि १३५ वर १.३६. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तो साधारण १२ टक्क्यांनी वाढेल. पण जमिनीवर आपटताना हाडांना सोसावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे थेट लोडिंगच्याच प्रमाणात वाढते, आणि ती वाढ २६ टक्के होते. नवी कॅनोपी घेताना बहुतेक जण पहिला आकडा मनात धरतात. दुसरा आकडा धरावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

हा हिशेब इथेच संपत नाही. कॅनोपी लहान झाली की तिच्या दोऱ्याही आखूड होतात. १७० वरून १३५ वर येताना दोऱ्यांची लांबी सुमारे ११ टक्क्यांनी घटते. आखूड दोऱ्यांवर माणूस आणि पंख एकमेकांच्या जवळ असतात, त्यामुळे टॉगल (ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी) ओढल्यावर कॅनोपी लवकर कलते आणि लवकर नाक खाली घालते. शिवाय आकाराचा प्रश्न आहे. किंचित निमुळत्या कॅनोप्या, म्हणजे सेबर २, सफायर किंवा पायलट या जातीच्या, बऱ्याच चुका पोटात घालतात. पूर्ण लंबगोल, कटानासारखी कॅनोपी वळणात लांबवर खाली जाते आणि आपणहून सपाट व्हायला पुष्कळ उंची घेते. व्हेलॉसिटी किंवा व्हल्किरी यांसारख्या क्रॉस-ब्रेस्ड कॅनोप्यांत आतून तिरप्या पट्ट्या शिवून पंख ताठ केलेला असतो. त्या स्वूपसाठीच, म्हणजे वळणातून वेग घेऊन जमिनीलगत सुसाट सरकत उतरण्यासाठीच, बनवलेल्या आहेत. मॉडेल वेगळे असेल तर लोडिंगचा एकच आकडा एकच गोष्ट सांगत नाही.

माझा अपघात २०१६ चा, माझ्या ४१२ व्या उडीचा. जागेचे नाव लिहीत नाही, कारण दोष जागेचा नव्हता. तेव्हा माझ्याकडे १३५ ची लंबगोल कॅनोपी होती आणि तिच्यावर तीस उड्या झाल्या होत्या. त्या तीसही उड्यांत मी वाऱ्याला तोंड करून, मोकळ्या पट्ट्यात, सरळ रेषेत उतरलो होतो, त्यामुळे ही कॅनोपी मला जमली असा माझा विश्वास बसला होता. त्या दुपारी वारा जवळजवळ नव्हता. मी अंतिम टप्प्यात, साधारण १२० फुटांवर असताना डावीकडून दुसरी कॅनोपी उलट दिशेने माझ्या रेषेत आली. माझा उजवा हात आपोआप मांडीपर्यंत खाली गेला. पुढचे मला अजून स्वच्छ आठवते. क्षितिज उभे झाले, पट्ट्यांचा आवाज एकदम चढला आणि भर दुपारच्या उन्हात जमिनीवरची माझ्या कॅनोपीची सावली बाजूने माझ्याकडे धावत आली. मी दोन्ही हात खाली ओढले तेव्हा पंख अर्धवटच सपाट झाला होता. डावी टाच आधी लागली. पायाच्या दोन्ही नळ्या मोडल्या. आत सळई आणि नऊ स्क्रू बसले, आणि सात महिने मी विमानात पाऊल ठेवले नाही.

त्या वेळी मला येत नसलेली गोष्ट अगदी साधी होती. सपाट वळण म्हणजे दोन्ही टॉगल आधी अर्ध्या ब्रेकपर्यंत आणायचे आणि मग एक किंचित खाली व दुसरा किंचित वर करायचा. कॅनोपी फारशी न कलता, फारशी उंची न गमावता दिशा बदलते. मोठ्या कॅनोपीवर मी हे दोनदा केले होते. १३५ वर एकदाही नाही. म्हणून आता कोणी मला पुढची कॅनोपी विचारले की, सध्याची कॅनोपी तुम्ही तुमच्या सर्वांत वाईट दिवशी कशी उतरवता, हे मी आधी विचारतो. उलट्या वाऱ्यात, आडव्या वाऱ्यात, अनोळखी शेतात, झाडामागच्या भोवऱ्यात, समोर अचानक कोणी आल्यावर. या प्रसंगांत उभ्याने उतरता येत असेल तर लहान कॅनोपीची गोष्ट बोलू.

मरुस्थळी

दादा, विचारणाऱ्या तिघांपैकी एक मीच, म्हणून इथे सगळी माहिती देतो. दुबईत नोकरीला आहे. १४० उड्या, अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचे बी (दुसऱ्या पायरीचे) लायसन्स, वजन ८० किलो, रिगसह ९२, म्हणजे २०३ पौंड. सध्या १९० ची किंचित निमुळती कॅनोपी उडवतो. एक सहकारी देश सोडून जात असल्यामुळे तो आपली १५० ची पूर्ण लंबगोल कॅनोपी कंटेनर (पाठीवरची पिशवी) आणि रिझर्व्हसकट अगदी रास्त भावात देतो आहे. १९० वर मी बहुतेक वेळा उभ्याने उतरतो आणि आता ती फार संथ वाटते. रिझर्व्ह १२६ ची आहे. मत सांगावे.

पश्चिमवारा

मरुस्थळी, तुम्ही रिझर्व्हचा आकडा सांगितलात हे फार बरे झाले, कारण आधी त्याच्याविषयीच बोलायला हवे. २०३ पौंड १२६ वर म्हणजे लोडिंग १.६ च्या वर. रिझर्व्ह उघडेल तो दिवस आधीच बिघडलेला असतो: उंची कमी, जागा अनोळखी, हात थरथरत असतात. डोक्याला मार लागून तुम्ही शुद्धीत नसाल आणि एएडीने (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या उपकरणाने) रिझर्व्ह उघडली, तर ती अर्ध्या ब्रेकवर, फ्लेअरशिवाय (उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग मारल्याशिवाय), जिथे जाईल तिथे तुम्हाला जमिनीवर आणून ठेवील. अशा वेळी १२६ वर यावे असे तुम्हाला वाटते का? लहान मेन (मुख्य) कॅनोपीबरोबर लहान कंटेनर येतो आणि लहान कंटेनरबरोबर लहान रिझर्व्ह येते. घासाघीस करताना ही बाब कोणीच बोलत नाही.

आता मेन. अनुभवी पायलटांत एक ठोकताळा रूढ आहे: १.० मध्ये दर १०० उड्यांमागे ०.१ मिळवावे आणि त्याच्यावर जाऊ नये. तुमच्या १४० उड्यांना मर्यादा येते १.१४, म्हणजे सुमारे १७८ चौरस फूट. १७० वर तुमचे लोडिंग १.१९ होईल, तिथे तुम्ही २०० उड्यांच्या सुमारास पोहोचता. १५० वर ते १.३५ होते, म्हणजे साडेतीनशे उड्यांचे प्रकरण. ही मर्यादा साध्या, निमुळत्या कॅनोपीसाठी आहे. पूर्ण लंबगोल कॅनोपी तिच्यातही बसत नाही. तुम्ही एकदम दोन मापे उतरून आकारही बदलायचा म्हणता, आणि नेमके हेच करू नये. माप बदला किंवा जात बदला. दोन्ही एकाच वेळी बदलू नका.

१९० संथ वाटते, याबद्दल थोडे परखडपणे लिहितो. तुम्ही तिला फक्त टॉगलने उडवत असाल तर ती संथच वाटणार. ३,००० फुटांच्या वर दोन्ही फ्रंट रायझर (दोऱ्या अंगाशी जोडणारे पुढचे पट्टे) ओढून तिला खाली झेपावू द्या, सोडल्यावर ती किती फुटांत सपाट होते ते उंचीमापकावर पाहा. रिअर रायझरने (मागच्या पट्ट्यांनी) वळवा, रिअर रायझरने फ्लेअर करून पाहा, आणि स्टॉल (पंखाची उचल संपणे) कुठे येतो ते हाताला कळू द्या, कारण रिअर रायझरवरचा स्टॉल टॉगलपेक्षा फार अचानक येतो. अर्ध्या ब्रेकवरून फ्लेअर करून उतरा. उतरल्यावर ठरवलेल्या खुणेपासून दहा मीटरांच्या आत आहात का, हे पावलांनी मोजा, आणि तेही लागोपाठ दहा उड्यांत. मग ती संथ वाटणार नाही.

कामशेतकर

मी स्कायडायव्हर नाही. सहा वर्षे कामशेतला पॅराग्लायडिंग करतो आणि पुढच्या वर्षी परदेशात जाऊन स्कायडायव्हिंगचा कोर्स करायचा विचार आहे. पंख उडवण्याचे शेकडो तास माझ्या गाठीशी आहेत, त्यामुळे उड्यांच्या संख्येचा हा नियम माझ्यासारख्याला तसाच लागू होतो का, हे जाणून घ्यायला आवडेल.

पश्चिमवारा

कामशेतकर, तुमच्या अनुभवाचा उपयोग नक्की होईल. वारा वाचणे, उतरायच्या जागेचा अंदाज घेणे, डोंगरामागे किंवा इमारतीमागे हवा कशी खवळते हे ओळखणे, या गोष्टी नवख्या स्कायडायव्हरला वर्षभर कळत नाहीत. पण आकडे पाहा. तुमचे सर्व सामानासह वजन ९५ किलो आणि पंख २५ चौरस मीटरचा धरला तर दर चौरस मीटरला ३.८ किलो येतात. माझ्या १३५ च्या कॅनोपीवर हाच आकडा ६.६ होता. तुमचा पंख एक मीटर खाली येताना आठ-नऊ मीटर पुढे जातो, आमचा अडीच-तीन. अंतिम टप्प्यावर आल्यानंतर निर्णय घ्यायला तुम्हाला जितका वेळ मिळतो, त्याचा एक अंशच इथे मिळतो.

दुसरी गोष्ट हातांच्या सवयीची. पॅराग्लायडिंगमध्ये पंख शांत ठेवण्यासाठी हात सतत थोडे ब्रेकवर असतात आणि खवळलेल्या हवेत ती सवय तुम्हाला वाचवते. स्कायडायव्हिंगच्या कॅनोपीला फ्लेअरसाठी वेग हवा असतो. अंतिम टप्प्यात हात खाली ठेवून आलात तर फ्लेअर करायला काही उरत नाही. मी शिकवलेल्या दोन पॅराग्लायडर पायलटांना पहिल्या वीस उड्यांत हीच अडचण आली. म्हणून उड्यांचा नियम तुम्हीही तसाच पाळा. तुमचे कौशल्य त्या नियमाच्या आत तुम्हाला अधिक सुरक्षित ठेवील.

अणुरेणू

माझा प्रश्न उलटा आहे. माझे वजन ४७ किलो, रिगसह ५७, म्हणजे १२६ पौंड. शिकताना मला १५० चौरस फुटांची कॅनोपी दिली होती, तिच्यावर माझे लोडिंग ०.८४ येते. जरा वारा वाढला की मी पुढे जातच नाही, कधी मागेही सरकते, आणि उरलेल्यांच्या उड्या चालू असताना मी जमिनीवर बसून राहते. २२० उड्या झाल्या. सगळे सांगतात की तू खुशाल १२० घे, लोडिंग फक्त १.०५ होईल, म्हणजे नवशिक्याइतकेच. पण वर दोऱ्यांच्या लांबीविषयी जे लिहिले आहे ते वाचून मनात शंका आली.

पश्चिमवारा

ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे, आणि हलक्या माणसांना, त्यातही मुलींना, या खेळात सर्वांत चुकीचा सल्ला याच मुद्द्यावर मिळतो. १२० ची कॅनोपी १२० सारखीच वळते. तिच्या दोऱ्या आखूड आहेत, ती झटक्यात कलते, टॉगलच्या थोड्या चुकीवर तीव्र प्रतिसाद देते. लोडिंग १.०५ आहे हे तिला माहीत नसते. म्हणून त्या ठोकताळ्याची दुसरी बाजू अशी आहे की १५० च्या खाली गेल्यावर दर १० चौरस फुटांमागे मर्यादेतून ०.१ वजा करावे.

तुमच्या २२० उड्यांना मूळ मर्यादा १.२२. १२० साठी ०.३ वजा केले की ०.९२ राहते आणि तुमचे १.०५ त्याच्या बाहेर जाते. १३५ साठी ०.१५ वजा करून १.०७ राहते आणि तुमचे लोडिंग ०.९३ होते, म्हणजे ती आरामात बसते. १२० वर जाण्याचा काळ साधारण साडेतीनशे उड्यांनंतर येईल. तोवर वाऱ्याचा त्रास कमी करायचा असेल तर वजनाचा पट्टा वापरण्याचा विचार करा. चार-पाच किलोंनी लोडिंग वाढते आणि दोऱ्या मात्र तेवढ्याच लांब राहतात. वाऱ्यामुळे जमिनीवर बसावे लागते याची खंत मला समजते, पण बसून राहण्याचा निर्णय तुम्ही घेत आला आहात याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो.

छत्रीधारी

सर्वांना नमस्कार. मी सैन्यातून निवृत्त झालो. आमचे प्रशिक्षण आग्र्याला झाले. तिथे कॅनोपी निवडण्याचा प्रश्नच नव्हता, मिळेल ती गोल छत्री आणि विमानाला बांधलेली, छत्री आपोआप उघडणारी स्टॅटिक लाइन. त्या छत्रीला फ्लेअर नसतो, त्यामुळे जमिनीवर कसे पडायचे यावर आमचे उस्ताद दिवसचे दिवस घालवत. दोन्ही पाय घट्ट जुळवायचे, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, आणि पोटरी, मांडी, नितंब, पाठीची एक बाजू अशा क्रमाने अंग जमिनीवर सोडून द्यायचे. पुढे मी चौकोनी छत्रीवरही उड्या मारल्या.

या धाग्यावर प्रत्येक जण उभ्याने उतरण्याविषयी बोलतो आहे. माझ्या भाच्याने परदेशात हा छंद घेतला आणि त्याच्या चित्रफिती मी पाहतो. त्याचे सगळे मित्र वाईट येत असतानाही पाय पुढे काढून धावायचा प्रयत्न करतात. एक पाय पुढे असला की सगळा भार त्याच पायावर येतो. पश्चिमवारा यांची डावी टाच आधी लागली हे वाचले तेव्हा मला हेच वाटले. पडण्याचा सराव दर महिन्याला गवतावर, टेबलावरून उडी मारून करायला हवा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पश्चिमवारा

काका, तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. त्या दिवशी मी पाय जुळवले असते तर कदाचित एक नळी तरी वाचली असती, असे माझ्या शल्यविशारदांनीही सांगितले होते. आता माझ्या प्रत्येक वर्गाची सुरुवात मी पडण्याच्या सरावाने करतो.

उंचावरची

मी कोलोरॅडोत राहते. आमचा ड्रॉप झोन समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट उंचीवर आहे, म्हणून एक गोष्ट जोडते. उन्हाळ्यात ३५ अंश सेल्सिअस तापमान असेल तर आमच्याकडची हवा साधारण ८,५०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. विरळ हवेत कॅनोपीला तेवढीच उचल मिळवायला जास्त वेग लागतो, आणि तो फरक समुद्रकाठच्या तुलनेत १२ ते १४ टक्के भरतो. म्हणजे पश्चिमवारा यांनी १७० वरून १३५ वर जाताना जो वेग वाढतो असे सांगितले, जवळपास तेवढा वेग कॅनोपी न बदलता, केवळ विमानाने प्रवास करून इथे आल्यामुळे वाढतो. फ्लोरिडाहून आलेले पाहुणे पहिल्याच उडीत फ्लेअर उशिरा करतात आणि गुडघ्यांवर घसरतात. स्वूप करणाऱ्यांनी तर वळणाची उंचीच बदलायला हवी, कारण तेच वळण इथे जास्त उंची खाते. इथे आल्यावर पहिल्या दिवशी शक्य असल्यास एक माप मोठी कॅनोपी भाड्याने घ्यावी, पहिल्या तीन-चार उड्यांत सरळ उतरावे आणि पहाटेची गार वेळ साधावी.

मरुस्थळी

दोन प्रश्न आणखी. एक, विकणारा म्हणतो की कॅनोपीवर फक्त ४२० उड्या झाल्या आहेत आणि कापड नव्यासारखे आहे. जुनी कॅनोपी तपासताना काय पाहावे? दोन, पुढे कधी स्वूप शिकायचे म्हटले तर एएडी आड येते असे ऐकतो, ते खरे आहे का?

पश्चिमवारा

कापडाकडे सगळे पाहतात, दोऱ्यांकडे कमी जण पाहतात. झीरो-पोरॉसिटी (हवा न झिरपणारे) कापड शेकडो उड्या टिकते, दोऱ्या त्याआधी बिघडतात. दोऱ्या कोणत्या जातीच्या आहेत ते आधी विचारा. स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडर (कॅनोपी उघडताना दोऱ्यांवरून सरकणारा कापडाचा तुकडा) खाली येताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने आक्रसतात, आणि बाहेरच्या दोऱ्या व ब्रेकच्या दोऱ्या सर्वांत जास्त आक्रसतात. चारशे उड्यांनंतर त्या काही इंच लहान झालेल्या असू शकतात. मग हात पूर्ण वर असूनही कॅनोपीला थोडा ब्रेक लागलेला राहतो, ती एका बाजूला वळते, फ्लेअर अर्धवट होतो, आणि पायलट समजतो की आपलेच काही चुकते आहे. व्हेक्ट्रान आणि एचएमए जातीच्या दोऱ्या आक्रसत नाहीत, पण घासून झिजतात आणि एखादे दिवशी उघडताना तुटू शकतात. ब्रेकच्या दोऱ्या स्लायडरच्या कड्यांतून जातात त्या जागी बोटांनी चाचपून पाहा. तंतू पिंजारलेले असतील तर पूर्ण संच बदलण्याचा खर्च किमतीत धरा. उत्पादकाकडे प्रत्येक मापाचा ट्रिम तक्ता, म्हणजे दोऱ्यांच्या लांबीचा तक्ता, असतो. रिगरला (पॅराशूट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) तो लावून प्रत्येक दोरी मोजायला सांगा, आणि विकणारा त्याला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

एएडीविषयी: सायप्रेस हे एएडी १९९१ मध्ये बाजारात आले. त्याचे नेहमीचे स्वरूप जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर माणूस अजून ताशी ७८ मैलांहून वेगाने खाली येतो आहे असे दिसले तर रिझर्व्हची दोरी कापते. लहान क्रॉस-ब्रेस्ड कॅनोपीवर मोठे वळण घेणारे पायलट खरोखरच या वेगाच्या जवळ जाऊ शकतात, आणि त्या क्षणी मेनखाली रिझर्व्ह बाहेर आली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून स्वूप करणाऱ्यांसाठी वेगळे, ताशी १०२ मैलांवर चालणारे स्वरूप निघाले. तुमच्या १९० वर, किंवा १७० वर, तुम्ही त्या वेगाच्या आसपासही जाणार नाही. एएडी काढून ठेवण्याचा किंवा बंद करण्याचा विचार मनात आणू नका.

स्वूपबद्दल एक प्रसंग लिहितो. मागच्या वर्षी तीनशे उड्यांचा एक मुलगा माझ्याकडे २७० अंशांचे वळण शिकायला आला. त्याने चित्रफिती पाहून ते दोनदा करूनही पाहिले होते. मी त्याला २,५०० फुटांवर, मोकळ्या हवेत, तेच वळण घ्यायला लावले आणि कमरेला लावलेल्या उंचीमापकाची नोंद आम्ही संध्याकाळी बसून पाहिली. पाच वेळा घेतलेल्या एकाच वळणात त्याची खर्च झालेली उंची ५९० ते ७६० फुटांच्या दरम्यान होती. १७० फुटांचा फरक! जमिनीजवळ हा फरक कुठून आणणार? आता तो सहा महिने सरळ दुहेरी फ्रंट रायझर, मग ९० अंश, असा चालतो आहे. त्याला मी सर्वांत आधी शिकवली ती वळण सोडून देण्याची क्रिया: शंका येताच रायझर सोडणे, पंख सपाट करणे आणि मगच फ्लेअर. कललेल्या पंखावर केलेला फ्लेअर तुम्हाला वाचवत नाही, हे मी माझ्या पायावर शिकलो आहे.

अणुरेणू

लंबगोल कॅनोपी उघडताना दोऱ्यांना पीळ पडला तर ती जास्त गरगरते, असे आमचे प्रशिक्षक म्हणतात. त्याविषयी कोणी लिहील का?

उंचावरची

हो, मी दोनदा मेन कापली आहे, म्हणजे ती सोडून देऊन रिझर्व्ह उघडली आहे, दोन्ही वेळा याच कारणाने. हार्नेसमध्ये (अंगावरच्या पट्ट्यांत) शरीर थोडे जरी तिरके असले तरी जास्त लोडिंगची लंबगोल कॅनोपी एका बाजूला झुकते. पीळ असेल तर तो सुटायच्या आधीच ती फिरू लागते, आणि प्रत्येक फेरीत शेकडो फूट जातात. १९० वर मी पीळ शांतपणे पाय मारून सोडवत असे. लहान कॅनोपीवर तेवढा वेळ नसतो. अमेरिकन संघटनेने निर्णयाची (मेन ठेवायची की सोडायची हे ठरवण्याची) उंची विद्यार्थ्यांना आणि ए लायसन्सधारकांना २,५०० फूट, त्यापुढच्यांना १,८०० फूट सांगितली आहे. मी स्वतःपुरते २,५०० च ठेवले आहे आणि त्यासाठी पॅराशूट थोडे वर उघडते. कॅनोपी उघडत असताना गुडघे जुळवून, खांदे समान ठेवून, हात रिअर रायझरवर ठेवा. बहुतेक पीळ तिथेच टळतात.

मरुस्थळी

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. १५० नाही घेतली. एका रिगरकडून दोऱ्या मोजून घेतल्या तेव्हा उजवी ब्रेकची दोरी तक्त्यापेक्षा साडेतीन इंच लहान निघाली. मी सध्या माझ्या १९० वरच आहे. ३,५०० फुटांवर वीस सपाट वळणे घेतली. पहिल्या दिवशी ९० अंशांच्या सपाट वळणाला माझे जवळपास दोनशे फूट जात होते, काल ते साठाच्या आसपास आले. आडव्या वाऱ्यात एकदा मुद्दाम, प्रशिक्षकांना सांगून, उतरलो आणि गुडघ्यांवर पडलो. ते अजून जमत नाही.

पश्चिमवारा

मरुस्थळी, आडव्या वाऱ्यात पडण्याचे कारण बहुधा हे असते की शेवटच्या क्षणी ज्या बाजूला आपण वाहत जातो, त्या बाजूचा हात आधारासाठी खाली जातो आणि कॅनोपी त्याच बाजूला वळते. पुढच्या वेळी नजर पायांकडे न ठेवता समोर दूरवर ठेवा, दोन्ही हात शरीराजवळून एकत्र खाली आणा, आणि फ्लेअर चालू असताना पंख डोक्यावर समतल ठेवण्यासाठी लागेल तेवढाच वारा येतो त्या बाजूचा हात किंचित जास्त ओढा. कोणाला तरी मागून चित्रण करायला सांगा आणि चित्रफीत मला पाठवा. हात नेमका कोणत्या क्षणी खाली जातो ते आपण थांबवून थांबवून पाहू.